घटस्फोट, घर आणि खावटी: कौटुंबिक न्यायालयाची पायरी चढण्यापूर्वी

घटस्फोटाचा विचार मनात आलेला माणूस वकिलाला पहिल्याच भेटीत बहुधा एकच प्रश्न विचारतो. ती विचारते, "अर्धी मालमत्ता मिळेल ना?" तो विचारतो, "अर्धी द्यावी लागेल का?" महाराष्ट्रापुरते दोघांनाही मिळणारे उत्तर सारखेच आहे आणि ते बहुतेकांना अनपेक्षित असते. हिंदू विवाह कायदा, १९५५ किंवा विशेष विवाह कायदा, १९५४ यांच्याखाली झालेल्या लग्नात निम्मा वाटा देणारी कोणतीही तरतूद नाही. परदेशातील बातम्या वाचून आणि मालिका पाहून तयार झालेली ही समजूत इतकी पक्की असते, की त्या भरवशावर माणसे तडजोडीच्या चांगल्या संधी नाकारतात आणि नको त्या ठिकाणी हटून बसतात. पतीच्या स्थावर मालमत्तेतून पत्नीला मोबदला देण्याची तरतूद असलेले एक विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेने मंजूर केले होते. परंतु लोकसभेत ते पुढे सरकले नाही आणि त्या लोकसभेची मुदत संपताच ते बाद झाले.

याचा व्यवहारातील अर्थ असा की हुकूमनाम्याने, म्हणजे न्यायालयाच्या घटस्फोटाच्या निर्णयाने, नाते मोडते, मालकी मात्र आपोआप बदलत नाही. घर कोणाच्या नावावर आहे, त्याचे पैसे कोणाच्या खात्यातून गेले आणि दागिने कोणी कोणाला दिले, हे कागदावरून जितके दाखवता येईल तितकेच हाती लागते. बाकीचा आधार न्यायालय खावटीच्या, म्हणजे निर्वाहखर्चाच्या, किंवा कायम पोटगीच्या रूपाने देते. म्हणून या प्रकरणात भांडणाच्या तयारीपेक्षा कागदांची तयारी आधी करावी लागते.

पुढील विवेचन मुख्यतः हिंदू विवाह कायद्याला धरून आहे. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू होतो, आणि नोंदणी पद्धतीने झालेल्या विवाहांसाठी विशेष विवाह कायद्यातील तरतुदी पुष्कळशा याच धर्तीच्या आहेत. ख्रिस्ती, पारशी आणि मुस्लिम विवाहांचे कायदे वेगळे आहेत. मात्र निर्वाहखर्चाचा फौजदारी प्रक्रियेतील मार्ग सर्वांना खुला आहे, आणि घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही तो वापरता येतो हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे.

आधी कागद, मग अर्ज

घर सोडण्याची वेळ अनेकदा रागाच्या भरात येते आणि मागे राहिलेल्या कपाटात नेमके तेच कागद असतात जे पुढे वर्षानुवर्षे शोधावे लागतात. शक्य असेल तर शांतपणे, आणि स्वतःच्या अधिकारातील कागदांपुरतेच, पुढील गोष्टींच्या प्रती काढून सुरक्षित ठिकाणी ठेवाव्यात: विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र आणि लग्नपत्रिका, मुलांचे जन्मदाखले, दोघांची मिळणारी पगारपत्रके आणि प्राप्तिकर विवरणपत्रे, किमान तीन वर्षांचे बँक उतारे, घराचे खरेदीखत, गृहकर्जाचा मंजुरीपत्रासह खातेउतारा, सोसायटीचा भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट), विमा आणि भविष्यनिर्वाह निधीचे तपशील.

सगळेच कागद घरातून मिळवावे लागत नाहीत. जमिनीचा सातबारा, फेरफार आणि आठ-अ चा (एका खातेदाराच्या नावावरील जमिनींचा) उतारा, शहरी मिळकतीची मिळकत पत्रिका, आणि नोंदणीकृत खरेदीचा गोषवारा देणारी सूची क्रमांक दोन हे सार्वजनिक अभिलेख आहेत आणि ते कोणालाही शासकीय संकेतस्थळांवरून किंवा संबंधित कार्यालयातून मिळवता येतात. समोरचा पक्ष पुढे प्रतिज्ञापत्रावर "माझ्या नावावर काहीच नाही" असे म्हणाला, तर त्याला उत्तर म्हणून आठ-अ चा एक उतारा पुरतो.

मोबाइलमधील संदेश, छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रणे जपून ठेवावीत, पण मूळ उपकरणासह. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्राशिवाय त्यांच्या छापील प्रतींना फारसा अर्थ उरत नाही. पती-पत्नींमधील गुपचूप ध्वनिमुद्रित केलेले संभाषण वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून येऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये म्हटले आहे. मात्र याचा अर्थ आजपासून घरात प्रत्येक वाक्य टिपत बसावे असा घेऊ नये. उलटतपासात, म्हणजे समोरचा वकील प्रश्न विचारतो तेव्हा, ते मुद्रण संपूर्ण ऐकवले जाते आणि त्यात आपलाही आवाज असतो.

स्त्रीधन

लग्नाआधी, लग्नात आणि लग्नानंतर स्त्रीला मिळालेले दागिने, भांडी, रोख रक्कम आणि भेटी, मग त्या माहेरच्यांनी दिलेल्या असोत, सासरच्यांनी किंवा मित्रपरिवाराने, तिच्या पूर्ण मालकीच्या असतात. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८५ मध्ये ठामपणे सांगितले आणि २०२४ मध्ये पुन्हा सांगितले: अडचणीच्या वेळी पतीला ते वापरता येईल, पण परत करण्याचे दायित्व त्याच्यावर राहते. सासूच्या कपाटात ठेवायला दिलेल्या पाटल्या त्यामुळे सासूच्या होत नाहीत.

अडचण हक्काची नसते, ती यादीची असते. आपल्याकडे लग्न ठरताना अनेक घरांत याद होते. तिच्यावर देण्याघेण्याची नोंद आणि दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांच्या सह्या असतात. ती याद सापडली तर जपून ठेवावी, पण वकिलाला दाखवल्याशिवाय न्यायालयात देऊ नये, कारण हुंडा देणे आणि घेणे दोन्ही गुन्हे आहेत आणि त्या कागदावर स्त्रीधनाबरोबर हुंड्याचीही कबुली असू शकते. सराफाच्या पावत्या, लग्नातील छायाचित्रे, लॉकरच्या भेटींची बँकेतील नोंद आणि दागिन्यांचे वजन लिहिलेली साधी वही हे सर्व उपयोगी पडते. अर्जात "सुमारे पंचवीस तोळे सोने" असे मोघम लिहिण्याऐवजी मंगळसूत्र, पाटल्या, तोडे, ठुशी असे एकेक नग, अंदाजे वजन आणि कोणी दिले यासह लिहावे.

ते परत मिळवण्याचे मार्ग एकाहून अधिक आहेत. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा, २००५ खाली दंडाधिकारी स्त्रीधन परत करण्याचा आदेश देऊ शकतात आणि हा मार्ग त्यातल्या त्यात लवकरचा आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २७ खाली, लग्नाच्या निमित्ताने दोघांना मिळून दिलेल्या वस्तूंची विल्हेवाट घटस्फोटाच्या हुकूमनाम्यातच लावता येते. त्यासाठी ती वस्तू लग्नाच्या दिवशीच मिळालेली असावी असे नाही, तिचा संबंध लग्नाशी असला की पुरे, हे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात १९९७ मध्ये स्पष्ट केले. हे कलम फ्लॅटला मात्र पुरत नाही.

राहते घर

समजा, पिंपरीतील एक सदनिका दोघांच्या नावावर आहे. पहिली रक्कम तिच्या वडिलांनी दिली, हप्ते त्याच्या पगारातून गेले आणि घरखर्च तिच्या पगारातून चालला. अशा घराचे काय होते? दोघेही सहमालक आहेत, आणि खरेदीखतात हिस्सा लिहिलेला नसेल तर वाद निम्म्या-निम्म्यापासून सुरू होतो. मग ज्याला अधिक वाटा हवा त्याने आपले अधिक पैसे गेल्याचे बँकेच्या उताऱ्यांनी दाखवायचे असते. घरखर्च चालवणाऱ्या व्यक्तीची पंचाईत इथेच होते, कारण किराणा, शाळेची फी आणि औषधे यांच्या पावत्या कोणी ठेवत नाही, आणि हप्त्याचा उतारा मात्र बँक वीस वर्षांचा देते. ही उणीव कायद्यातली आहे, असे मला वाटते. पण ती आहे हे धरूनच चालावे लागते.

घर एकाच्याच नावावर असेल तर दुसऱ्याला मालकी मागताना स्वतःच्या पैशांचा ठोस पुरावा द्यावा लागतो. पतीने आपल्या ज्ञात उत्पन्नातून पत्नीच्या नावाने घेतलेले घर बेनामी कायद्याच्या व्याख्येतून वगळलेले आहे, त्यामुळे "नाव तिचे, पैसे माझे" हा दावा त्याला मांडता येतो. तो सिद्ध करण्याचा भार मात्र त्याच्यावरच असतो. असा मालमत्तेचा वाद पती-पत्नींमध्येच असेल तर कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम ७ प्रमाणे तो कौटुंबिक न्यायालयातच चालतो. दिवाणी न्यायालयात निराळा दावा लावण्याची घाई करू नये.

मालकी आणि निवास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घर सासऱ्यांच्या नावावर असले तरी लग्नाचा संसार तिथे झाला असेल तर ते सामायिक निवासस्थान ठरू शकते आणि सुनेला तिथून बेकायदा बाहेर काढता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये दिला. न्यायालय तिला तिथे राहू देईल किंवा तशाच दर्जाच्या पर्यायी घराचे भाडे द्यायला सांगेल. परंतु हा राहण्याचा हक्क आहे, त्यातून मालकी येत नाही, आणि तो वैवाहिक नात्याला बांधलेला आहे. म्हणून घटस्फोटाची बोलणी करताना निवाऱ्याची सोय नेमक्या शब्दांत लिहून घ्यावी. तसेच पतीची वडिलोपार्जित जमीन घटस्फोटाच्या निमित्ताने पत्नीला वाटून मिळत नाही आणि घटस्फोटानंतर ती त्याची वारसही राहत नाही. मुलांचा वारसाहक्क मात्र जसाच्या तसा राहतो, आणि या मुद्द्यावर गावाकडे मुद्दाम पसरवल्या जाणाऱ्या समजुतींकडे लक्ष देऊ नये.

गृहकर्जाबाबत एक सावधगिरी. दोघे सहकर्जदार असतील तर "यापुढे हप्ते तो भरेल" हे वाक्य हुकूमनाम्यात असले तरी बँक त्या खटल्यात पक्षकार नसते, त्यामुळे ती दोघांकडेही वसुली मागू शकते. बँकेकडून नाव कमी झाल्याचे लेखी पत्र मिळेपर्यंत ती जबाबदारी संपत नाही.

गोव्यात हिशेब वेगळा

सावंतवाडी सोडून पेडण्यात शिरले की नियम बदलतात. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेली नागरी संहिता विवाहाच्या मालमत्तेला लागू आहे, आणि लग्नाआधी नोंदणीकृत करार करून दुसरी पद्धत निवडली नसेल तर दोघांची मालमत्ता सामाईक मानली जाते. सर्वसाधारणपणे लग्नाआधीची आणि नंतरचीही. तिथे खरोखरच निम्मा हिस्सा आहे, आणि घटस्फोटही हिंदू विवाह कायद्याने होत नाही, १९१० च्या पोर्तुगीज घटस्फोट कायद्याने होतो. मुंबईत नोकरी करणाऱ्या गोमंतकीय दांपत्यांनी आपल्या लग्नाची नागरी नोंदणी कुठे आणि कोणत्या पद्धतीने झाली होती, हे आधी तपासावे आणि गोव्यातील कायदा जाणणाऱ्या वकिलाचाच सल्ला घ्यावा.

खावटी: किती, कोणाला, कोणत्या कलमाखाली

खावटी मागण्याचे दरवाजे अनेक आहेत आणि त्यांची सरमिसळ फार होते. खटला चालू असताना हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली अंतरिम खावटी आणि खटल्याचा खर्च मागता येतो. निकालाच्या वेळी किंवा नंतर कलम २५ खाली कायम पोटगी मागता येते, एकरकमी किंवा दरमहा. घटस्फोट नको, पण वेगळे राहून निर्वाह हवा, अशा पत्नीला हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ चा आधार आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेचे पूर्वीचे प्रसिद्ध कलम १२५ हे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ झाले आहे आणि त्याखाली पत्नी, मुले आणि आईवडील अर्ज करू शकतात. घटस्फोटित स्त्रीही, पुनर्विवाह होईपर्यंत. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालीही आर्थिक साहाय्य मिळते. हे अर्ज एकाच वेळी चालू शकतात, पण पैसे दोनदा मिळत नाहीत: आधीच्या आदेशाची माहिती पुढच्या अर्जात द्यावी लागते आणि रकमेची वजावट होते.

हा घोळ निस्तरणारा निर्णय नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून निघालेल्या प्रकरणात आला. २०१३ च्या त्या अर्जावर पत्नीला दरमहा १५,००० रुपये आणि लहान मुलासाठी वेगळी रक्कम मंजूर झाली, पतीने ती उच्च न्यायालयात आणि नंतर सर्वोच्च न्यायालयात लढवली, आणि ४ नोव्हेंबर २०२० रोजी "रजनेश विरुद्ध नेहा" या नावाने देशभर उद्धृत होणारा निकाल लागला. त्यातील दोन गोष्टी प्रत्येक अर्जदाराने लक्षात ठेवाव्यात. खावटी अर्जाच्या तारखेपासून लागू होते, त्यामुळे तारखा पडत गेल्या तरी थकबाकी साचत राहते. आणि दोन्ही बाजूंनी आपले उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे ठरावीक नमुन्यातील प्रतिज्ञापत्र द्यायचे असते. सामनेवाल्याला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे त्याला, त्यासाठी जास्तीत जास्त चार आठवडे मिळतात.

हे प्रतिज्ञापत्र म्हणजे खावटीच्या प्रकरणाचा कणा होय, आणि तरीही ते अनेकजण वकिलाच्या लेखनिकाकडे सोपवून मोकळे होतात. ते स्वतः भरावे. महिन्याचा खर्च लिहिताना घरभाडे, किराणा, वीज, शाळा, शिकवणी, औषधे, प्रवास असे एकेक शीर्षक घेऊन खरा आकडा द्यावा. फुगवलेला आकडा उलटतपासात पहिल्याच प्रश्नाला फुटतो. नोकरी असेल तर ती लपवू नये. पत्नी कमावती असणे म्हणजे तिला खावटी मिळणारच नाही असे नाही. तिच्या उत्पन्नात वैवाहिक घरातील राहणीमान टिकते का, हे पाहिले जाते. ती कमावू शकते आणि ती प्रत्यक्ष कमावते यांतही न्यायालये फरक करतात. उलट बाजूने, पतीने स्वेच्छेने घेतलेली कर्जे आणि गुंतवणुकीचे हप्ते दाखवून हातात येणारा पगार आटवण्याचा प्रयत्न सहसा टिकत नाही. प्राप्तिकरासारख्या सक्तीच्या कपाती तेवढ्या मानल्या जातात.

सामनेवाला शेतकरी असेल तर पगारपत्रक नसते आणि शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नसल्याने विवरणपत्रही बहुधा नसते. मग सातबारावरील पिकांची नोंद, साखर कारखान्याने जमा केलेली उसाची बिले, दूध संस्थेचे पंधरवड्याचे हिशेब, बाजार समितीतील विक्रीच्या पट्ट्या आणि ट्रॅक्टरच्या कर्जाचे कागद यांतून उत्पन्नाचे चित्र उभे करावे लागते. दुकानदाराच्या बाबतीत वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे हेच काम करतात. हे कागद हाती येत नसतील तर ते हजर करण्याचा आदेश न्यायालयाकडे मागावा.

"पगाराच्या पंचवीस टक्के" हा आकडा सर्वत्र ऐकू येतो. २०१७ मधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पतीच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम योग्य ठरेल असे म्हटले होते, तिथून तो आला. तो ठरीव दर नाही. लग्न किती वर्षे टिकले, मुले कोणाकडे आहेत, वय, आजारपण, अवलंबून असलेले आईवडील, नोकरी कोणी कोणासाठी सोडली, हे सर्व पाहून रक्कम कमी-अधिक होते.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ आणि २५ मध्ये पत्नीप्रमाणे पतीलाही खावटी मागता येते, हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटते. नांदेडच्या न्यायालयाने शिक्षिका असलेल्या पत्नीला घटस्फोटित पतीस दरमहा ३,००० रुपये अंतरिम खावटी द्यायला सांगितले होते आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२२ मध्ये ते कायम केले. अशी प्रकरणे विरळा आहेत, आणि धडधाकट पतीने केवळ काम न करता खावटी मागितली तर ती मिळण्याची शक्यता फार कमी असते.

एकरकमी की दरमहा, हा निर्णय मात्र आपल्या स्वभावाचा आणि समोरच्याच्या विश्वासार्हतेचा विचार करून घ्यावा. एकरकमी रक्कम भांडवली स्वरूपाची मानली जाते आणि तिच्यावर प्राप्तिकर लागत नाही, तर दरमहा मिळणारी रक्कम उत्पन्न ठरते, असा भेद मुंबई उच्च न्यायालयाने एका निकालात केला आहे. दरमहाची रक्कम परिस्थिती बदलल्यास वाढवून किंवा कमी करून मागता येते. पुनर्विवाह झाल्यास बंद होऊ शकते. समोरच्याचा धंदा अस्थिर असेल, किंवा तो परदेशी जाण्याच्या बेतात असेल, तर थोडी कमी का होईना, एकरकमी घेतलेली बरी.

न्यायालयातील वाट

लग्नाला एक वर्ष होण्याआधी, असाधारण त्रासाचे कारण दाखवून परवानगी घेतल्याशिवाय, घटस्फोटाचा अर्ज करता येत नाही. अर्ज लग्न जिथे झाले, दोघे शेवटचे एकत्र जिथे राहिले किंवा सामनेवाला जिथे राहतो तिथे करता येतो. पत्नी अर्जदार असेल तर ती सध्या जिथे राहते तिथेही. कौटुंबिक न्यायालय नसलेल्या ठिकाणी हा अर्ज वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे जातो. महाराष्ट्रात स्त्रियांना घटस्फोट, निर्वाह, मालमत्ता आणि हिंसाचाराच्या प्रकरणांत न्यायालयीन शुल्क १९९४ च्या शासकीय अधिसूचनेने माफ आहे, आणि विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्यासाठी स्त्रीला उत्पन्नाची अट नाही. १५१०० हा त्यांचा दूरध्वनी क्रमांक आहे.

अर्ज दाखल झाला की समन्स निघते. ते टाळून काही साधत नाही, कारण प्रकरण एकतर्फी चालते आणि नंतर एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्यासाठी तीस दिवसांची मुदत आणि सबळ कारण लागते. हजर झाल्यावर दोघांना विवाह समुपदेशकाकडे पाठवले जाते. समेट घडवण्याचा प्रयत्न करणे हे कौटुंबिक न्यायालयाचे कर्तव्य आहे, म्हणून ही पायरी टाळता येत नाही, आणि टाळू नये. तिथे झालेली बोलणी गोपनीय राहतात. समेट नाही झाला तरी मुलांच्या भेटीचे वार, शाळेची फी, घरात अडकलेली प्रमाणपत्रे असे छोटे प्रश्न तिथेच सुटतात.

त्यानंतर लेखी कैफियत, म्हणजे सामनेवाल्याचे अर्जाला लेखी उत्तर. तिला तीस दिवस, आणि न्यायालयाच्या परवानगीने नव्वद दिवसांपर्यंत वेळ असतो. अर्जातील प्रत्येक परिच्छेदाला उत्तर द्यावे लागते. ज्या विधानाला उत्तर नाही ते मान्य समजले जाण्याचा धोका असतो. मग न्यायालय वादाचे मुद्दे ठरवते, सरतपास (साक्षीदाराचे स्वतःचे म्हणणे) प्रतिज्ञापत्रावर होतो आणि उलटतपास साक्षीच्या पिंजऱ्यात. क्रूरतेच्या कारणावरील खटले इथेच जिंकले किंवा हरले जातात. "तो मला नेहमी त्रास देत असे" या वाक्याला वजन नसते. गणपतीच्या आदल्या दिवशी काय झाले, कोण हजर होते, दुसऱ्या दिवशी कोणत्या दवाखान्यात गेलात, हे सांगता आले पाहिजे. म्हणून अर्ज लिहिण्याआधीच घटनांचा तारीखवार तक्ता करावा आणि ज्या घटनेला साक्षीदार किंवा कागद नाही तिच्यावर फार भर देऊ नये.

कौटुंबिक न्यायालयात वकील हा हक्क म्हणून मिळत नाही, परवानगीने मिळतो. प्रत्यक्षात परवानगी सहसा दिली जाते. तरीही प्रकरण आपलेच आहे हे विसरू नये: प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो आणि तो टाकून ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पुढील तारीख आणि आदेश स्वतः पाहता येतात. अंतरिम खावटीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा असे कायदा सांगतो; मूळ अर्ज सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असेही तो सांगतो, पण त्या भरवशावर कोणी पुढचे बेत आखू नयेत.

संमतीने घटस्फोट: अटींचा मसुदा

दोघे किमान वर्षभर वेगळे राहत असतील आणि अटींवर एकमत असेल तर कलम १३-ब खालील संयुक्त अर्ज हा सर्वांत कमी त्रासाचा मार्ग आहे. वेगळे राहणे म्हणजे वेगळ्या छपराखालीच राहणे असे नाही. पती-पत्नी म्हणून न राहणे पुरते. अर्जानंतरची सहा महिन्यांची प्रतीक्षा, सर्व वाद मिटले असतील आणि समेटाची शक्यता नसेल तर, न्यायालय माफ करू शकते, हे २०१७ पासून स्थिर झाले आहे. हुकूमनामा होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतो, आणि अटींचा मसुदा करताना हीच गोष्ट सतत डोळ्यांसमोर हवी.

म्हणून पैसे टप्प्याटप्प्याने ठेवावेत: काही रक्कम अर्जाच्या वेळी, उरलेली अंतिम सुनावणीच्या दिवशी न्यायाधीशांसमोर धनाकर्षाने (डिमांड ड्राफ्टने). साध्या धनादेशावर विसंबू नये. स्त्रीधन परत मिळाल्याची पुरशीस (न्यायालयात द्यायचे लेखी निवेदन) नगवार लिहावी. दोन्हीकडचे सर्व खटले क्रमांकासह नोंदवून कोणता कोणी कधी मागे घ्यायचा ते ठरवावे. छळाच्या फौजदारी गुन्ह्याची फिर्याद पोलीस ठाण्यात जाऊन मागे घेता येत नाही, ती रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो आणि त्या अर्जाला संमती देण्याची अट मसुद्यात हवी. मुलांचा ताबा, भेटीचे वार, दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी, पारपत्रावरील सही, महाविद्यालयीन खर्च हे सर्व लिहावे. मुलाची खावटी आईने "सोडून दिली" असे लिहिले तरी ती मुलाला बांधील राहत नाही; तो हक्क मुलाचा आहे.

घर एकाने दुसऱ्याला द्यायचे ठरले असेल तर मुद्रांक आणि नोंदणीचा विचार आधीच करावा. ज्या स्थावर मिळकतीवर खटलाच नव्हता ती तडजोडीच्या हुकूमनाम्यात आणली, तर त्या हुकूमनाम्याची नोंदणी करावी लागते. महाराष्ट्रात राहत्या घराचे पती-पत्नींमधील बक्षीसपत्र, इतर अधिभार सोडून, २०० रुपयांच्या मुद्रांक शुल्कात होते. पण ही सवलत जोडीदाराला आहे, आणि हुकूमनामा झाल्यावर ते जोडीदार राहत नाहीत. दुसरीकडे, फार आधी बक्षीसपत्र करून दिले आणि समोरच्याने संमती मागे घेतली तर घर गेले आणि घटस्फोटही राहिला. यावर व्यवहारी तोड अशी, की दस्त तयार ठेवून तो अंतिम सुनावणीच्या अगदी जवळच्या दिवशी नोंदवावा आणि मसुद्यात त्याचा स्पष्ट उल्लेख करावा.

हुकूमनाम्यानंतर

वादग्रस्त खटल्यातील हुकूमनाम्यावर अपिलाची मुदत नव्वद दिवसांची धरून चालावे आणि ती संपेपर्यंत, किंवा अपील झाले असेल तर ते फेटाळले जाईपर्यंत, पुनर्विवाह करू नये. संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील नसते.

खावटी मिळेनाशी झाली तर नुसते फोन करत बसू नये. दिवाणी आदेशासाठी दरखास्त (अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करून पगारातून किंवा मिळकतीतून वसुली मागता येते. कलम १४४ खालील आदेशासाठी वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो आणि थकबाकीच्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. वर्ष उलटू देणे ही या प्रकरणांतील सर्वांत महाग चूक आहे. सामनेवाला नोकरीत असेल तर त्याच्या कार्यालयाचे नाव, पत्ता आणि कर्मचारी क्रमांक अर्जात द्यावा, म्हणजे पगारातून कपातीचा आदेश थेट तिथे जातो.

शेवटी हुकूमनाम्याच्या किमान चार प्रमाणित प्रती घ्याव्यात आणि त्याच आठवड्यात भविष्यनिर्वाह निधी, विमा, बँक ठेवी, समभागांचे खाते आणि सोसायटीतील नामनिर्देशन बदलावे. ही नामनिर्देशने बदलल्याशिवाय राहून जातात आणि मग एखाद्या आकस्मिक मृत्यूनंतर आई, दुसरी पत्नी आणि पहिली पत्नी एकाच खिडकीपुढे उभ्या राहतात.